व्हिडिओ कॉल आहे म्हणून पार्सल बंद करू नका

दिवाळी झाली, फराळाचे डबे घासून फळीवर पालथे पडले. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांनी बॉर्डरवरच्या पोराला यंदाचं शेवटचं पार्सल पाठवून झालं, असं मनाशी धरलंय. आता पुढचं थेट राखीला. मधल्या महिन्यांत काय करायचं असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आता व्हिडिओ कॉल आहे की, रोज दिसतोय तो." मला हे अजिबात पटत नाही. माझा दादा फौजेत लागल्यापासून हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आज सविस्तर लिहायचंच ठरवलं.

आमचा सातारा जिल्हा. 'अपशिंगे मिलिटरी' असं गावाच्या नावातच लष्कर असलेला. तिकडे कोल्हापूरला सैनिक टाकळी. या पट्ट्यात घराआड कुणीतरी फौजी असतो, त्यामुळे पार्सल पाठवणं हे काही कौतुकाचं काम नाही, घरकामच आहे. आणि घरकामासारखंच ते मागे पडत चाललंय.

"लष्कर सगळं देतं की त्यांना." हो, देतं. रेशन चांगलं असतं, थंडीचे कपडे मिळतात, कॅन्टीन असतं. तिथे कुणी आपल्या चिवड्याच्या भरवशावर बसलेलं नाही. पण पंधरा-सोळा हजार फुटांवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. तिथे डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि शिजली तरी तिला चव लागत नाही, कारण त्या उंचीवर भूकच मरते. जेवण समोर असतं आणि घास जात नाही. सियाचीनवर तर थंडी उणे ५० अंशांपर्यंत जाते. अंडी, संत्री दगडासारखी होतात. १३ एप्रिल १९८४ ला सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाली तेव्हापासून आपली माणसं तिथे आहेत, म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली. अशा ठिकाणी ताटाच्या कडेला चमचाभर लसणाची चटणी असली की दोन पोळ्या जास्त जातात, हे दादाने स्वतः सांगितलेलं आहे. दिल्लीहून आलेलं रेशन पोट भरतं, पण कारळ्याची चटणी दिल्लीहून येत नाही.

सुट्टीचंही गणित लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. कायम भरतीतल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल रजा असते. ऐकायला भरपूर वाटते. पण ती केव्हा मिळेल हे पलटणीच्या कामावर ठरतं, आणि सणाला सगळ्यांनाच घरी यायचं असतं. त्यात हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद झाले की पुढच्या चौक्यांना जे जायचं ते हेलिकॉप्टरने. हवा बिघडली की तेही नाही. म्हणून तर डिसेंबर ते मार्च हे महिने मला दिवाळीपेक्षा महत्त्वाचे वाटतात. दिवाळीला युनिटमध्ये गोडधोड असतं, मंदिरात पूजा असते, बाहेरूनही मिठाई येते. जानेवारीच्या कुठल्यातरी मंगळवारी काहीच नसतं. त्या मंगळवारी आपल्या नावाचं काहीतरी आलं पाहिजे.

आता पत्त्याबद्दल, कारण नव्याने लग्न झालेल्या मुली इथेच अडतात. मागे आमच्या शेजारच्या सुनेला एका कुरिअरवाल्याने "हा पत्ता अपुरा आहे, गाव लिहा" म्हणून परत पाठवलं. पत्ता अपुरा नसतो, तो तसाच असतो: सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण, मग 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), आणि पिन. गाव लिहायचंच नाही! ५६ एपीओची डाक दिल्लीला जमते, ९९ ची कोलकात्याला. तिथे लष्कराचीच माणसं ती पलटणीप्रमाणे लावतात आणि ती पलटण त्या वेळी जिथे असेल तिकडच्या फील्ड पोस्ट ऑफिसला रवाना करतात. माणूस नेमका कुठे आहे हे ना आपल्याला माहीत असायची गरज, ना आपल्या गावच्या पोस्टमास्तरला. नौदलातल्या मुलांची डाक अशीच फ्लीट मेल ऑफिसमार्फत जहाजापर्यंत पोचते.

या व्यवस्थेचा मला फार अभिमान आहे. १ मार्च १९७२ ला लष्करी डाकसेवेची स्वतंत्र कोअर, म्हणजे वेगळं दल, झाली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा राखून ठेवला लष्करी डाकेसाठी. आपल्या पाकिटावरचा पिन ९ ने सुरू होतो तो म्हणून. बहुतेक खासगी कुरिअरवाले हा पत्ता घेतच नाहीत, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. सरळ पोस्टात जा, स्पीड पोस्ट किंवा पार्सल करा.

बांधणं हे खरं कौशल्याचं काम, आणि ते आमच्या आईकडून शिकावं. ती आधी खोक्याला आतून प्लास्टिक लावते. वस्तूंच्या मधल्या फटीत जुने वर्तमानपत्राचे बोळे दाबून बसवते आणि खोकं कानाशी धरून हलवते. आवाज आला की परत उघडते. मग मांजरपाटाचं कापड चढवून दाभणाने शिवते, टाके इतके जवळ की बोट शिरत नाही. पत्ता कापडावर न पुसणाऱ्या मार्करने, आणि तोच पत्ता एका कागदावर लिहून खोक्याच्या आतही. वरचं कापड फाटलं, भिजलं तरी आतला कागद बोलतो. हा आतला कागद मी सगळ्यांना सांगते, कृपा करून विसरू नका.

चकली पाठवू नका, तिकडे पीठ पोचतं. करंजीचंही तेच, आणि ओलं खोबरं किंवा खवा असलेलं काही तर नकोच. शंकरपाळे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, भडंग, कोरड्या चटण्या, मेतकूट, सुंठवडा, डिंकाचे लाडू घट्ट वळलेले, हे टिकतं. लोणचं द्यायचंच असेल तर तेल अगदी कमी, बरणी काचेची नको, आणि दोन पिशव्यांत गाठ मारून. गळलं तर आपलंच नाही, पोत्यातलं दुसऱ्याच्या आईने पाठवलेलंही खराब होतं. वेफर्सची हवा भरलेली पाकिटं उंचावर फुगून फुटतात. काडेपेटी, लायटर, स्प्रेचे डिओ, पॉवर बँक यातलं काहीही घालू नका. ही डाक विमानानेही जाते, अशा वस्तू पोस्टात चालत नाहीत आणि त्यापायी सगळं पार्सल अडकतं. स्वेटरचा ढीगही नको, त्यांच्याकडचे कपडे आपल्यापेक्षा कितीतरी चांगले असतात. ओठांना लावायचं मलम, पेट्रोलियम जेलीची डबी, आतून घालायचे सुती मोजे, नखं कापायचं साधन, या बारीक गोष्टी तिथे पटकन संपतात.

आणि मापाबद्दल एक सांगते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पार्सल कधी एकट्याचं नसतं. ते चार जणांसमोर उघडतं. बाजूच्या खाटेवर कुणी बिहारचा असतो, कुणी तमिळनाडूचा, आणि ज्याचं पार्सल आलेलं नाही तोही तिथेच असतो. घरी कुणी पाठवणारंच नाही असाही एखादा असतो. दादाने पहिल्यांदा सांगितलं की चिवडा एका संध्याकाळी संपला, तेव्हा वहिनीला वाईट वाटलं होतं, म्हणाली, त्याच्या वाट्याला काय आलं मग? पण ज्या मुलाबरोबर तो रात्री पहाऱ्याला उभा असतो त्याला मूठभर चिवडा देता येणं, हाच त्याचा वाटा. तेव्हा खाऊ सगळ्यांच्या हिशोबाने घाला आणि एक लहान पाकीट वेगळं करा, फक्त त्याचं. त्यात खाऊ नको. आमची वहिनी त्यात भाचीच्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान घालते, बाईंच्या लाल शेऱ्यासकट. गावातल्या लग्नाची पत्रिका घालते. छापून घेतलेला फोटो घालते. एकदा एक दिवाळी अंक घातला होता, तो पलटणीतल्या मराठी मुलांनी जाहिरातींसकट वाचला.

फोन आहे ना, म्हणणाऱ्यांसाठी हे शेवटचं. पुढच्या चौक्यांवर रेंज नसते, आणि असली तरी हवा तेव्हा, हवा तसा फोन वापरायची मुभा नसते. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ अ‍ॅप्स फोनमधून काढायला सांगितली, त्यात फेसबुकही होतं. म्हणजे फेसबुकवरची ही पोस्ट दादा वाचणार नाही. आणि कॉल लागला तरी त्यात दोन्हीकडची माणसं तोंड हसरं ठेवून बोलतात. आई गुडघ्याचं बोलत नाही, तो झोपेचं बोलत नाही. चिठ्ठीत मात्र आई लिहिते की यंदा कांदा सडला, विहिरीचं पाणी खाली गेलंय, तुझ्या मित्राला मुलगी झाली. तो ती चिठ्ठी घडी करून ठेवतो आणि पुन्हा वाचतो. कॉल संपला की स्क्रीन बंद होते, कागद त्याच्याजवळ राहतो.

एक कडक सूचना, विशेषतः तरुण मुलींना. पार्सलचा फोटो स्टेटसला टाकू नका. पत्त्यात नाव, क्रमांक, पलटण सगळं असतं. "आज लेहला पार्सल पाठवलं" असंही लिहू नका. सगळी डाकयंत्रणा जे ठिकाण लपवते, ते आपण स्टेटसला उघडं करायचं नाही.

मंडळांचे उपक्रम असतात, जवानांना हजार राख्या, मिठाईचे खोके वगैरे. शाळेतल्या पोरांनी हाताने लिहिलेली पत्रं असतील तर ती जवान खरंच आवडीने वाचतात, जरूर पाठवा. पण खोक्यावर देणाऱ्याचा फोटो आणि मंडळाचं नाव मोठं, हे मला खटकतं. त्यापेक्षा आपल्या गल्लीत कुणाचा मुलगा फौजेत आहे ते बघा आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचं पार्सल पोस्टात नेऊन द्या. तिला बसचे दोन टप्पे पडतात, काउंटरवर उभं राहवत नाही, आणि बऱ्याच घरांत पार्सल बंद होण्याचं खरं कारण हेच असतं. सुट्टी संपवून परत निघालेला गाववाला त्याच पलटणीचा असेल तर त्याच्या बॅगेत एक पिशवी मावते, तेही विचारा. ज्यांना पैसेच द्यायचेत त्यांनी ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला द्यावेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नीट माहिती मिळते.

संक्रांतीचा तिळगूळ वेळेवर पोचायला हवा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पोस्टात पडला पाहिजे, बर्फाचे दिवस आहेत. तीळ भाजून ठेवलेत, या रविवारी आमच्याकडे लाडू वळायचेत. पाकाचे कडकच करा, मऊ वड्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. कुणाला एपीओचा पत्ता कापडावर कसा मांडायचा हे कळत नसेल तर मला फोन करा किंवा सरळ घरी या. मार्कर आणि दाभण दोन्ही आहे.