टोकन नंबर ४७

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबड लागणार. आधीच सांगते.

सकाळी बापूकाकाला घेऊन बँकेत गेले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. टोकन दिलं ४७. मी स्कूटी लावून येईपर्यंत ४९ चालू! काका चिठ्ठी मुठीत धरून खुर्चीवर तसाच. आकड्यांचा बोर्ड बंद. काउंटरवरचा म्हणतो, "तीनदा हाक मारली मॅडम, ऐकू येत नाही का त्यांना?"

नाही येत! लहानपणच्या तापात कान गेले त्याचे.

तेव्हापासून विल्यम हॉय आठवतोय. कोण म्हणून विचाराल, तर अमेरिकेतल्या ओहायोचा जुना बेसबॉलपटू. त्याचेही कान तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मेंदूज्वराने गेले. आधी चांभारकाम केलं, मग १८८६ मध्ये ऑशकॉश गावच्या संघात. तिथे काय व्हायचं, हा बॅटिंगला असताना चेंडू गेला की अंपायर काय म्हणाला ते बघायला हा मागे वळणार, आणि तेवढ्यात पिचर (चेंडू टाकणारा) पुढचा चेंडू टाकून मोकळा. डिट्टो आमचं ४७ नंबर! शेवटी त्यानेच तोड काढली. थर्ड बेस, म्हणजे धावण्याच्या वाटेवरचा तिसरा थांबा, तिथल्या कोचने बॉल (आवाक्याबाहेरचा चेंडू) की स्ट्राइक (हुकलेला किंवा सोडलेला नीट चेंडू) ते हाताने दाखवायचं. बस. खर्च शून्य.

बेसबॉलचे अंपायर आज हाताने खुणा करतात, त्या त्याच्यामुळेच आल्या म्हणतात, पण हे सगळे मानत नाहीत. बरं, नका मानू. काउंटरवर गर्दी होती, हेही मान्य. पण चार बोटं वर करायला किती वेळ लागतो हो?

जेमतेम साडेपाच फुटांचा गडी. १९ जून १८८९ ला एकाच सामन्यात आउटफिल्डमधून (मैदानाच्या लांबच्या भागातून) थेट होम प्लेटवर (जिथे धाव पूर्ण होते) फेक करून तिघांना बाद केलं. कारकिर्दीत दोन हजारांवर हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं). तरी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, अजून नाही. नाव काय पडलं? 'डमी', म्हणजे मुका. तो स्वतःही तेच नाव लावायचा, ठीक आहे. काकाही 'बहिरा' म्हटलं की हसतो. म्हणून आपण म्हणायचं?

१९६१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (बेसबॉलच्या मोसमाची अंतिम मालिका) ओहायोतल्याच सिनसिनाटीला सामन्याचा पहिला, मानाचा चेंडू त्याच्या हातून टाकवला. वय ९९. डिसेंबरात गेला.

असो. काउंटरवर मी तावातावाने भांडत होते, तर काकाने माझी ओढणी ओढली. एका हाताची चार बोटं दाखवली, मग दोन्ही हातांची मिळून सात, आणि खिडकीकडे बोट केलं. आधी काम उरक, म्हणे.