ठरलं की झालं म्हणे!

‘जर्मनीत बघा, ठरलं की झालं! आपल्याकडे नुसत्या फायली फिरतात.’ नाशिकच्या दादाने घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि माझं डोकं फिरलं. विषय अमेरिकी एमक्यू-९बी ड्रोनचा. भारताने मागणी केली २०१६ला, ३१ ड्रोनचा करार झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि पहिलं यायला २०२९ उजाडणार. त्यात मे २०२५ मध्ये हवाईदलप्रमुखच जाहीरपणे म्हणाले की एकही प्रकल्प वेळेत पूर्ण होत नाही. मग काय, दादाला बळच आलं.

आता जर्मनीचं ऐका. मँचिंगचा लष्करी हवाईतळ आमच्या म्युनिकपासून तासाभरावर. २०११ साली तिथे युरो हॉक नावाचा अवाढव्य ड्रोन उतरला आणि मे २०१३ मध्ये सरकारने प्रकल्पच गुंडाळला. युरोपच्या आकाशात उडायचा परवाना मिळवणं भलतंच महागात पडेल हे कळेपर्यंत ५० कोटींहून जास्त युरो गेले होते. ड्रोनला शस्त्रं लावायची की नाही, यावर इथे वर्षानुवर्षं खल चालला. डिसेंबर २०२० मध्ये सत्तेत भागीदार असलेला एसपीडी हा पक्ष म्हणाला, अजून पुरेशी चर्चा झालेली नाही! होकार आला एप्रिल २०२२ मध्ये, रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये घुसल्यावर. कोब्लेन्झच्या लष्करी खरेदी खात्याच्या कारभाराबद्दल इथले लोक जे बोलतात, ते दादाला ऐकवायलाच हवं.

हे सगळं लिहून पाठवलं, तर त्याचं उत्तर : ‘मग चीनकडे बघा.’

अरे, उशिराचं खापर लोकशाहीवर कशाला? सही करणारा घाबरतो. बोफोर्सनंतर आपल्याकडे फाइल अडवणाऱ्याला कुणी हात लावत नाही, महाग घेणाऱ्यामागे मात्र चौकशी लागते. म्हणून एल-१, सर्वांत कमी बोलीवाला. मग त्या मालात चिनी सुटे भाग निघतात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराला ४०० ड्रोनचे करार रद्द करावे लागतात. युक्रेनच्या आघाडीवर तोवर ड्रोनच्या दोन पिढ्या जुन्या झालेल्या असतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमचा विमानतळ ड्रोन दिसले म्हणून लागोपाठ दोन रात्री बंद पडला. ते पाडायचे कुणी, पोलिसांनी की लष्कराने, यावर वाद. कँटीनमध्ये मी छाती फुगवून भारतीय लष्कराच्या आकाशतीर या हवाई संरक्षण यंत्रणेची गोष्ट सांगितली : ‘आम्ही मे महिन्यात पाकिस्तानचे ड्रोन पाडले.’ समोरच्याने श्नित्झेल कापता कापता विचारलं, आम्ही म्हणजे कोण? पासपोर्ट माझा किरमिजी, जर्मनीचा; परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड कपाटात. पगारातून कापलेला कर जातो कोब्लेन्झला, आणि भांडतो मी दिल्लीसाठी.

दादाही परवा नेमका तिथेच बोट ठेवून गेला : ‘तुझं मत तिकडे, मग इथे मतं कशाला देतोस?’

याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून पैज लावली, २०२९ला ड्रोन वेळेत येतील. हरलो तर अख्ख्या घराला मिसळ. दादाने लगेच घेतली, एकाच अटीवर : पैसे युरोत.