सिएटलचा डिसेंबर आणि डॅलसचा मार्च

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या वॉट्सॲप गटांत एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: सिएटलला वर्षातले तीनशे दिवस पाऊस, माणसं नैराश्यानं खचतात, त्यापेक्षा टेक्सासला जा. तिथे ऊन आहे, आयकर नाही, घर अर्ध्या किमतीत मिळतं, हिवाळा जवळपास नाहीच आणि हवा आपल्या गावासारखी.

यातलं काही खरं आहे, काही निम्मं, काही साफ चूक. एवढ्या मजकुरावर लोक मुलांच्या शाळा बदलतात आणि तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतात, म्हणून प्रत्येक दावा नीट तपासायला हवा. मुळातली गफलत तुलनेतच आहे. सिएटलचा डिसेंबर टेक्सासमधल्या डॅलसच्या मार्चशेजारी ठेवला, तर डॅलस जिंकणारच. वाईट महिना वाईट महिन्याशेजारी ठेवायला हवा.

“सिएटलला तीनशे दिवस पाऊस पडतो.”

पडत नाही. सिएटल-टकोमा विमानतळावरची १९९१ ते २०२० या काळातली वार्षिक सरासरी ३९ इंच, म्हणजे साधारण १,००० मिलिमीटर आहे. डॅलसची ३७ इंचांच्या आसपास, टेक्सासमधल्याच ह्यूस्टनची ५१ च्या वर. मुंबईत एकट्या जुलैत जवळपास तेवढा पाऊस पडतो, जेवढा सिएटलला वर्षभरात. पावसाचे दिवस दीडशेच्या घरात भरतात, आणि त्यांत पाव मिलिमीटर पाऊस झालेला दिवसही मोजलेला असतो. तेवढ्यानं अंगणातली फरशीसुद्धा धड ओली होत नाही.

फरक पावसाच्या जातीत आहे. टेक्सासला ढग गडगडून येतात, तासाभरात कोसळतात आणि ऊन पडतं. सिएटलला पिरपिर: दिवसभर चालते, पण छत्री उघडावीशी वाटत नाही. म्हणून तिथे छत्रीपेक्षा टोपीचं जलरोधक जॅकेट उपयोगाचं. मुसळधार क्वचित, वीजगर्जना तर त्याहून क्वचित. शिवाय हा पाऊस हिवाळी आहे. नोव्हेंबरात १६० मिलिमीटरच्या आसपास, जुलैत जेमतेम १५. जुलै-ऑगस्टमध्ये सिएटलची हिरवळ पिवळी पडते. बहुतेक लोक तिला पाणी घालत नाहीत, ऑक्टोबरच्या पावसावर ती आपोआप हिरवी होते.

घर शोधताना “सिएटल” हा शब्द फार ढोबळ आहे. लोणावळा आणि पुणे यांत जो फरक सह्याद्रीमुळे पडतो, तोच तिथे ऑलिंपिक आणि कॅस्केड पर्वतांमुळे पडतो. ऑलिंपिकच्या पर्जन्यछायेतल्या स्क्विम गावाला वर्षाला १६ इंचांच्या आसपास पाऊस, तर कॅस्केडच्या पायथ्याशी इसाक्वा आणि नॉर्थ बेंडला सिएटल शहरापेक्षा बराच जास्त. समामिशसारख्या उंच भागात बर्फही जास्त टिकतो. आपली बरीच मंडळी याच पूर्वेकडच्या गावांत घर घेतात आणि मग पाऊस शहराच्या नावावर मांडतात.

“ढगांमुळे माणसं खचतात, उन्हात सगळं बरं होतं.”

हा दावा निम्मा खरा आहे, आणि त्यातला खरा भाग गंभीर आहे. सिएटलची खरी अडचण पाणी नाही, अंधार आहे. शहर ४७.६ अक्षांशावर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस साडेआठ तासांचाही नसतो. सूर्य आठच्या सुमारास उगवतो, चार-वीसला मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून १९ अंशच वर असतो. त्यावर ढग. कामाला अंधारात निघायचं, अंधारात परतायचं, असे दोन-अडीच महिने जातात. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ मध्ये केलं. तो आजार आहे, मनाचा कमकुवतपणा नाही.

त्यावर दिव्याचा उपचार आहे, पण तो बहुधा चुकीच्या पद्धतीनं केला जातो. दिवा १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे प्रकाश मोजण्याचं एकक) हवा. हा आकडा किती अंतरावरचा आहे ते खोक्यावर वाचायचं. चांगल्या दिव्याला तेवढा प्रकाश ४० ते ६० सेंटिमीटरवर मिळतो, लहान स्वस्त दिव्याला अगदी नाकाशी धरल्यावर. सकाळी उठल्यापासून तासाभरात २० ते ३० मिनिटं, दिवा नजरेच्या जरा बाजूला, टक लावून न बघता. संध्याकाळी लावला तर झोप उडते. बहुतेक लोक जानेवारीत, पार गळून गेल्यावर दिवा आणतात. सुरुवात ऑक्टोबरात करायची. डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा बायपोलर आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता दुसरी बाजू. उन्हाच्या राज्यात राहिलं की ड जीवनसत्त्व आपोआप मिळतं, असं नाही. भारतात भरपूर ऊन असूनही त्याची कमतरता सर्रास आढळते, कारण माणसं उन्हात नसतात. टेक्सासमध्ये जून ते सप्टेंबर घर, गाडी, कचेरी, दुकान असा सगळा प्रवास एसीत होतो, आणि काचेतून येणाऱ्या उन्हानं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्याला लागणारे किरण काच अडवते. सावळ्या त्वचेला त्यासाठी जास्त वेळ ऊन लागतं. तेव्हा दोन्हीकडे रक्ताची तपासणी करूनच गोळी ठरवायची.

“हवा आपल्या गावासारखी.”

कुठल्या गावासारखी? ह्यूस्टनचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्यासारखा चिकट आहे, पण तो जूनच्या पावसानं संपत नाही, सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो. डॅलसला ऑगस्टमध्ये कमाल तापमान सरासरी ३६ अंशांच्या आसपास आणि रात्रीही पारा पंचविशीच्या खाली सहज जात नाही. २०११ मध्ये तिथे ७१ दिवस १०० फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेले. त्यांतले ४० सलग. लहान मुलांना मैदानात न्यायचं तर सकाळी दहाच्या आत किंवा रात्री आठनंतर. त्याच दिवसांत सिएटलला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो आणि मुलं जेवणानंतरही बाहेर खेळतात. घरकोंडी दोन्हीकडे आहे, एकीकडे हिवाळ्यात, दुसरीकडे उन्हाळ्यात. तुम्हाला कोणती सोसते, हा प्रश्न आहे. डॅलस बघायला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जा, सिएटल डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात.

दारातल्या कुंडीपुरतं मात्र टेक्सास नक्की उजवं. कढीपत्ता आणि तुळस डॅलसला मार्चअखेरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या दहिवरापर्यंत बाहेर तरारतात. सिएटलला रात्रीचं तापमान १० अंशांखाली गेलं की तुळस काळी पडते. ऑक्टोबर ते मे घरात दिव्याखाली ठेवावी लागते.

“टेक्सासला आयकर नाही, म्हणून पैसे वाचतात.”

कॅलिफोर्नियातून जाणाऱ्याचे वाचतात. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथे साध्या नोकरदाराच्या पगारावर राज्याचा आयकर पूर्वीपासूनच नाही. कॅलिफोर्नियासाठी लिहिलेला हिशोब कुणीतरी सिएटलला चिकटवला आहे. वॉशिंग्टनमध्ये २०२२ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर ७ टक्क्यांपासून सुरू होणारा कर आहे, पण मूळ कायद्यातली करमुक्त मर्यादा अडीच लाख डॉलरची आणि ती महागाईप्रमाणे वाढत गेली आहे. कंपनीचे शेअर साठवून एकदम विकणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं; वर्षा-दोन वर्षांत वाटून विकले तर बहुतेकांना तो लागत नाही. दीर्घकालीन शुश्रूषेसाठी पगारातून ०.५८ टक्के कापले जातात. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना त्यातून सूट आहे. विक्रीकर सिएटलला १० टक्क्यांच्या वर, टेक्सासला जास्तीत जास्त ८.२५. शिजवलेलं नसलेल्या किराण्यावर दोन्हीकडे विक्रीकर नाही.

“घर अर्ध्या किमतीत.”

हे बरंचसं खरं आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. समजा डॅलसच्या उपनगरात ५ लाख डॉलरचं घर आहे आणि तशाच घराला सिएटलच्या पूर्वेला ९ लाख पडतात. चार लाखांचं कर्ज कमी, म्हणजे साडेसहा टक्के दरानं पहिल्याच वर्षी २६ हजारांच्या आसपास व्याज कमी. एवढी मोठी रक्कम झटकून टाकता येत नाही.

पण फिरत्या मजकुरात पुढची पानं नसतात. मालमत्ताकर सिएटल परिसरात एक टक्क्याच्या आसपास, डॅलसच्या उपनगरांत सवलती धरण्याआधी दोनच्या आसपास. म्हणजे स्वस्त घराचा कर महागड्या घराइतका किंवा जास्तच. नव्या वसाहतींत पाणी-गटारांसाठी काढलेल्या कर्जाचा वेगळा कर असतो. तो घराच्या जाहिरातीत नसतो, करपत्रकात असतो, तेव्हा करपत्रक मागून घ्या. टेक्सासमध्ये राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज भरलात, तर शाळेच्या करासाठी घराच्या किमतीतून १ लाख ४० हजार डॉलर वगळले जातात आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. हा अर्ज स्वतः भरावा लागतो. मूल्यांकन जास्त वाटलं, तर हरकतीची मुदत साधारण १५ मे.

विम्याचं तसंच. उत्तर टेक्सासमध्ये गारपीट वरचेवर होते, म्हणून पॉलिसीत वारा-गारांसाठी वेगळी वजावट असते आणि ती टक्क्यात असते. ५ लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे छपराचे पहिले १० हजार तुमचे. ह्यूस्टनकडे पूर आला, तर साधा गृहविमा काहीच देत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यायचा, इमारतीसाठी मर्यादा अडीच लाख डॉलर, आणि घेतल्यापासून तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर घेऊन उपयोग नाही.

सर्वांत कमी बोललं जातं ते जमिनीबद्दल, आणि मराठी माणसाला ते सर्वांत लवकर कळेल. डॅलसभोवतीची जमीन काळी आहे, आपल्या कापसाच्या रेगुरच्याच कुळातली. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते, पाऊस पडला की फुगते. त्या जमिनीवर काँक्रीटची सलग लादी टाकून घर उभं असतं. लादीची एक कड सुकून खाली बसली की आधी दार चौकटीत अडकायला लागतं, मग चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी चीर निघते, बाहेर विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी भेग चढत जाते. उपाय साधा आहे, पण तो सातत्यानं करावा लागतो. पायापासून फूट-दीड फूट लांब पाझरता पाइप जमिनीवर टाकून, टायमर लावून, उन्हाळाभर चारही बाजूंनी सारखी ओल ठेवायची. पाइप लादीला अगदी चिकटवला तर पाणी फटीतून थेट खाली उतरतं आणि नुकसान वाढतं. पन्हाळीचं पाणी पायापासून चार-पाच फूट लांब सोडायचं. घर घेण्याआधी नेहमीच्या तपासनीसाखेरीज स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लादीची पातळी मोजून घ्या.

सिएटलची घरंही बिनत्रासाची नाहीत. २८ फेब्रुवारी २००१ ला तिथे ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि भूकंपाचा विमाही वेगळाच घ्यावा लागतो. छपरावर शेवाळ चढतं. ते प्रेशरच्या पाण्यानं उडवलं तर शिंगलवरचे, म्हणजे छपराच्या डांबरी पट्ट्यांवरचे, खडेही उडतात आणि छप्पर लवकर जातं. मऊ झाडूनं काढून वरच्या कण्याला जस्ताची पट्टी लावायची. हिवाळ्यात खिडक्यांना आतून पाणी सुटतं आणि बुरशी धरते. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवायची, आंघोळीनंतर पंखा २० मिनिटं चालू. फोडणी करताना चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की आतच फिरवतो, हे घर बघतानाच तपासा. आणि उन्हाळ्यात वणव्यांचा धूर येतो, तेव्हा खिडक्या बंद करून धुराचे बारीक कण अडवणारा मर्व्ह-१३ दर्जाचा हवेचा फिल्टर लागतो.

“टेक्सासला हिवाळा नाही.”

१६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलसला उणे १९ अंश होतं. राज्याची वीजव्यवस्था बाकी देशाशी फारच थोडी जोडलेली असल्यानं बाहेरून पुरेशी वीज घेता आली नाही. लाखो घरं अंधारात होती आणि राज्याच्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे २४६ माणसं गेली. घरं लादीवर असल्यामुळे तिथे पाण्याचे पाइप बरेचदा माळ्यातून जातात. गोठून फुटले की पाणी छतातून खाली. कडाक्याच्या थंडीचा इशारा आला की बाहेरच्या नळांना टोप्या घालायच्या, आतले नळ थेंब-थेंब सुरू ठेवायचे, बेसिनखालची कपाटं उघडी ठेवायची आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवायचं. सिएटलही यातून सुटलेलं नाही. नोव्हेंबर २०२४ च्या वादळात झाडं पडून पूर्वेकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती.

डॅलसला विजेची योजना आपणच निवडून घ्यावी लागते, आणि तिथे हमखास फसवणारी योजना म्हणजे “१,००० युनिटला सूट”. महिन्यात ९९० युनिटच वापरले, तरी सूट जाते. योजनेच्या माहितीपत्रकावर ५००, १,००० आणि २,००० युनिटचे तीन दर छापलेले असतात. एसीच्या महिन्यांत मोठ्या घराला २,००० सहज लागतात, म्हणून तो तिसरा आकडा बघायचा.

“नोकरी काय, कुठूनही करता येते.”

एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असाल तर नाही. कंपनी तीच राहिली, तरी कामाची जागा दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेली की कंपनीला व्हिसाचा दुरुस्ती-अर्ज दाखल करावा लागतो, आणि तो तुम्ही तिकडे काम सुरू करण्याआधी. ग्रीन कार्डाची परम प्रक्रिया, म्हणजे कंपनीनं आधी घ्यायची कामगार खात्याची मंजुरी, सहसा ठरावीक जागेसाठी असते. सिएटलसाठी केलेली परम डॅलसला चालेलच असं नाही, पुन्हा करावी लागू शकते. आय-१४०, म्हणजे त्यानंतरचा कंपनीचा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज, मंजूर झालेला असेल, तर ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख साधारणपणे टिकते. तेव्हा घर बघायला जाण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा: परम कुठल्या जागेसाठी आहे, आय-१४० कुठवर आलंय आणि दुरुस्ती-अर्जाला किती आठवडे लागतील. जुन्या घराची नोटीस त्याचं उत्तर आल्यावरच द्या.