बाळाचा ळ

आमच्या तिसरीच्या वर्गात मुळाक्षरांचा एक जुना तक्ता आहे. क कमळाचा, ग गणपतीचा, असं शहाण्यासारखं चाललेलं असतं आणि मध्येच ण येतो बाणाचा, शेवटाला ळ येतो बाळाचा. अहो, बाण ब-ने सुरू होतो आणि बाळही ब-नेच! इतकी वर्षं छडी टेकवून मी हा तक्ता मुलांकडून घोकून घेतला, पण ही लबाडी कधी ध्यानात आली नाही. आली ती आद्याक्षरी कवितेपायी.

हा प्रकार आम्हाला एका प्रशिक्षणात शिकवला. शब्द उभा लिहायचा, प्रत्येक अक्षरापासून एक ओळ आडवी काढायची, झाली कविता. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर ‘आई’ लिहून आ-पासून एक आणि ई-पासून ‘ईश्वर’वाली एक ओळ पाडली. टाळ्या पडल्या. मग चहा आणि भजी. मलाही वाटलं, यात काय आहे!

पंधरा ऑगस्टच्या भित्तिपत्रकासाठी मुख्याध्यापकांनी विषय दिला: ‘वाळपई’. आमची शाळा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, तेव्हा तालुक्याचं गाव घेणं रीतसरच. पण गोव्यातली गावं ठेवणाऱ्यांनी आद्याक्षरी कवितेचा काडीचा विचार केलेला नाही. पणजीत ण, पेडण्यात णे, साखळीत ळी, काणकोणात तर दोन-दोन ण. फोंडा, मडगाव, डिचोली त्या मानाने गरीब गाई. म्हापसा मिळाला असता तर शुक्रवारच्या बाजारावरच सगळं निभावलं असतं. आमच्या वाट्याला वाळपई.

मी ऐटीत फळ्यावर वा, ळ, प, ई असं उभं लिहिलं. बाहेर सत्तरीचा पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की ‘शांत बसा’ हेही मला ओरडूनच सांगावं लागत होतं. वा-च्या ओळी धडाधड आल्या: वारा, वाट, वाघ, आणि एकाचे वडील वाहनचालक. मग वर्ग थबकला.

“टीचर, ळ-चें उतरूच ना!”

शब्दाला कोकणीत उतर म्हणतात. शब्द नाही ही त्या पोराची तक्रार. माझी त्याहून मोठी: मला उत्तर नव्हतं. “विचार करा, सुचेल,” म्हणाले. शिक्षकाला काही येत नसलं की तो मुलांना विचार करायला लावतो.

दहा मिनिटांनी वह्या बघत फिरले. एकाने ‘ळाडू’ लिहून मोकळं केलं होतं. एका मुलीने पहिल्या ओळीच्या शेवटी ‘पाणी वाहते ख’ लिहून दुसरी ओळ ‘ळखळ खळखळ’ अशी सुरू केली होती. हिला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले आणि तोंडाने “शब्द असा तोडायचा नाही” म्हटलं. ई-च्या ओळीवर तर 19 पैकी 14 वह्यांत ईडलिंबू. हे फळ मुलांनी तक्त्याबाहेर कुठेही पाहिलेलं नाही. मीही नाही. पण वाळपईत ते मुबलक पिकतं, असं आमच्या वर्गाचं म्हणणं.

रात्री शब्दकोश काढला. ह-नंतर पुस्तकाचा पुठ्ठा. सासूबाई निवडत असलेल्या तायखिळ्याच्या पाल्यातून मान वर न काढता म्हणाल्या, “ण चालत असेल तर जैनांचा णमोकार आहे गो.” ण-ची सोय झाली, पण आमच्या गावात ण नाही. मग फादर स्टीफन्स आठवले. जन्माने इंग्रज माणूस, पण 1616 सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठीची थोरवी गाताना रत्नकिळा, निळा, चोखळा असे ळ त्याने काय टपोरे बसवलेत! सगळे ओळीच्या शेवटी. सुरुवातीला घ्यायची छाती त्याचीही झाली नाही. बायबलातलं 119वं स्तोत्र हिब्रूच्या 22 अक्षरांवर रचलेलं आहे, प्रत्येक अक्षराची आठ-आठ वचनं. त्यांचं ठीक आहे. त्यांच्यात ळ नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका पोराने वही पुढे सरकवली. हा एरवी खिडकीतून पागोळ्या मोजत बसलेला असतो.

वाळपईत पाऊस लागला.
ळ टीचरलाही येत नाही.
पण विचारलं तर रागावते.
ईऽऽ! माझ्या पायाला जळू.

मी दोनदा वाचलं. ओळ खरोखरच ळ-ने सुरू होत होती. व्याकरणात खोट नव्हती. मजकुरात तर नव्हतीच. शेवटची ओळ काव्य नसून माहिती आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग मीठ शोधायला सगळा वर्ग माध्यान्ह आहाराच्या खोलीकडे धावला.

भित्तिपत्रकावर ती कविता मी खालच्या कोपऱ्यात, झेंड्याच्या चित्राआड जाईल अशी लावली. ध्वजवंदन झाल्यावर मुख्याध्यापक नेमके तिथेच वाकून उभे राहिले. चष्मा कपाळावर, ओठ हलताहेत. पालक मागे गोळा झालेले. मी पदराशी चाळा करत दूर उभी.

“छान जमलंय हो हे,” सर वळून म्हणाले. “आता गणेशचवथीला पण असंच करूया. विषय मी ठरवलाय, गणपतीवर टांगतात ती फळांची माटोळी.”