राण्यांची नावं नुसती चिकटवलेली आहेत का?

नमस्कार,

इंग्लिश कीबोर्डवादक रिक वेकमनच्या ‘द सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थ’ (१९७३) या, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या सहा राण्यांवरच्या अल्बमवर मी लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इथे गाणी नाहीत, शब्द नाहीत, मग याला कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेभोवती रचलेला अल्बम, का म्हणायचं? सहा राण्यांची नावं सहा तुकड्यांना नुसती चिकटवली आहेत, त्यांची अदलाबदल केली तरी कुणाला कळणार नाही. बाकी उरते ती कीबोर्डची कसरत. मला हे पटत नाही, पण आक्षेप वरवरचा नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत. ‘कॅथरिन ऑफ अ‍ॅरॅगॉन’ ही धून राणीसाठी सुचलेलीच नव्हती. वेकमनच्या ‘येस’ या रॉक बँडच्या १९७१च्या ‘फ्रॅजाइल’ अल्बमसाठी ती ‘हँडल विथ केअर’ या नावाने योजली होती. कराराची आडकाठी आली, त्यामुळे तिथे वेकमनला स्वतःची रचना देता आली नाही आणि त्याने ब्राम्सच्या सिंफनीचा भाग कीबोर्डवर वाजवला. म्हणजे राणीचं नाव नंतर आलं. पण नाट्यपदांच्या कितीतरी चालीही आधीच्या बंदिशींवरून, ठुमऱ्यांवरून घेतलेल्या आहेत. पद रंगलं की ती चाल त्या पात्राचीच होते. धून आधी कुठे होती यापेक्षा इथे ती काय करते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि ती काय करते? गोष्ट सांगत नाही, स्वभावचित्र काढते. ही आपली वैयक्तिक कल्पना आहे, कीबोर्ड वाद्यांच्या अंगाने या स्त्रिया कशा दिसल्या ते मांडलं आहे, इतिहासाशी ते जुळेलच असं नाही, हे वेकमनने कव्हरवरच लिहून ठेवलंय. त्यामुळे घटना शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. कोणत्या राणीला कोणतं वाद्य दिलंय, ते पाहा.

‘जेन सीमोर’ घ्या. बाकी अल्बम स्टुडिओतला, पण हिच्यासाठी वेकमन लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये जाऊन तिथला पाइप ऑर्गन वाजवतो. १२ ऑक्टोबर १५३७ला तिला मुलगा झाला, हेन्रीला हवा असलेला वारस, आणि २४ तारखेला ती गेली. तो ऑर्गन बाखच्या वळणाने सुरू होतो. प्रार्थना आणि मिरवणूक दोन्ही त्यात ऐकू येतात. मग अ‍ॅलन व्हाइटचे ड्रम्स आणि मूग सिंथेसायझर त्यात घुसतात. मला तो भाग दर वेळी अस्वस्थ करतो. हा तुकडा ‘अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्ज’ म्हणून ऐकून बघा. सहा महिन्यांत लग्न रद्द झालेली आणि त्यानंतर सुखाने जगलेली ती बाई या ऑर्गनमध्ये बसतच नाही. तिला वेकमनने सगळ्यात मोकाट, जवळजवळ जॅझसारखा तुकडा दिलाय, तो तिला शोभतो.

‘अ‍ॅन बोलीन’च्या शेवटी ‘द डे दाऊ गेव्हेस्ट’ हे संध्याकाळच्या प्रार्थनेचं स्तोत्र येतं. तिचा शिरच्छेद १५३६चा, स्तोत्राचे शब्द १८७०चे. इतिहासाच्या शिक्षकाने इथे लाल रेघ मारली असती. पण तेवढा वेळ पियानोने धावपळ केल्यावर दिवस संपल्याचं ते स्तोत्र येतं, तेव्हा ती कुठल्या घडीला उभी आहे हे सांगायला शब्द लागत नाहीत.

कसरतीबद्दल. मिनिमूग सिंथेसायझरवर एका वेळी एकच सूर निघायचा. मेलोट्रॉन या कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असे, तो आठेक सेकंदांत संपला की सूरही संपे. त्यामुळे मेलोट्रॉनवर कोरस हवा तर बोटं सतत उचलावी लागत, आणि स्वरांची दाटी हवी तर हॅमंड ऑर्गनकडे, पियानोकडे वळावं लागे. वाद्यांची ती रांग दिखाऊ वाटते हे मी समजू शकतो. पण त्या काळी एका माणसाला एवढे रंग हवे असतील तर दुसरा मार्ग नव्हता. शिवाय बिल ब्रुफर्ड, ख्रिस स्क्वायर, स्टीव्ह हाऊ यांच्यासारखे वादक सोबत असताना तो त्यांच्यासाठी पुष्कळ जागा सोडतो. ‘कॅथरिन हॉवर्ड’मध्ये तर डेव्ह कझिन्सचा बँजो आहे.

राण्यांचा क्रम चुकलाय, हेही तुम्ही लिहिलंत. क्रम इतिहासाचा नाहीच, एलपीचा आहे. तीन राण्या पहिल्या बाजूला, तीन दुसऱ्या. रेकॉर्ड उलटली की चर्चचा ऑर्गन कानावर येतो, आणि त्या जागी दुसरी कुठली सुरुवात मला सुचत नाही.

एका ठिकाणी मात्र तुमची अदलाबदलीची कसोटी लागू पडते. ‘कॅथरिन पार’ मला फार आवडतं, तो हॅमंड अंगावर धावून येतो. पण शांत, अभ्यासू, राजाच्या मागे उरलेली पार मला त्यात सापडत नाही. त्या तुकड्याला दुसरं नाव असतं तरी चाललं असतं. बाकी पाचांबद्दल मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.