प्रतिक्रियेला उत्तर: ब्रेकडाउन कव्हरचे पैसे दरवर्षी भरावेत का?

नमस्कार.

वार्षिक ब्रेकडाउन कव्हरवरच्या (म्हणजे दरवर्षी पैसे भरून, गाडी रस्त्यात बंद पडल्यास मदत मिळवण्याच्या सोयीवरच्या) माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे असे आहे की, गेल्या 11 वर्षांत आपली गाडी रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही, त्यामुळे कव्हर घेतले असते तर ते सगळे पैसे पाण्यात गेले असते. वेळ आलीच तर ओळखीच्या मेकॅनिकला फोन करता येतो. आणि ‘प्रत्येक गाडीमालकाने हे कव्हर घ्यावेच’ असे लिहून मी लोकांच्या भीतीवर कंपन्यांचा धंदा वाढवतो आहे. शेवटचा आरोप मला लागला, कारण तो निराधार नाही. ‘प्रत्येक’ हा शब्द मी पुरेसा विचार न करता वापरला होता. बाकीच्या दोन मुद्द्यांवर मात्र सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी 11 वर्षांविषयी. एखादी गाडी वर्षभरात रस्त्यात बंद पडण्याची शक्यता समजा 10 टक्के धरली, तर ती सलग 11 वर्षे एकदाही बंद न पडण्याची शक्यता सुमारे 31 टक्के निघते. म्हणजे अशा दर तीन मालकांपैकी जवळजवळ एकाचा अनुभव आपल्यासारखाच असणार, आणि तो पूर्ण खरा असूनही बाराव्या वर्षी काय होईल हे त्यावरून कळणार नाही. अर्थात यात आपल्या काळजीचाही वाटा आहेच. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण 3 ते 5 वर्षांचे असते, तेव्हा आपण ती वेळच्या वेळी बदलली असणार. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान मल्टीमीटर लावून पाहावा: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज 12.6 च्या आसपास असेल तर ती पूर्ण चार्ज आहे, 12.2 च्या आसपास असेल तर निम्मीच उरली आहे, आणि इंजिन चालू असताना आकडा 14 च्या जवळ जात नसेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा त्याचा पट्टा तपासून घेण्याची वेळ आली आहे. चांगल्या जंपर केबल, हवा भरलेली स्टेपनी आणि जॅक वापरण्याची सवय एवढे ज्याच्याजवळ आहे, त्याला उतरलेल्या बॅटरीसाठी किंवा पंक्चरसाठी कोणाला दरवर्षी पैसे द्यायची गरज नाही. इथपर्यंत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे.

पैशांच्या हिशेबातही आपणच बरोबर आहात. एकदा गाडी ओढून नेण्याचा खर्च वार्षिक हप्त्याच्या पाचपट असेल, तर सरासरी पाच वर्षांत एकदा टोइंग लागले तरच हिशेब बरोबरीत सुटतो, आणि कंपनीला नफा कमवायचा असल्यामुळे बहुसंख्य ग्राहकांचा हिशेब तिथपर्यंत पोहोचत नाही. जो माणूस तेवढी रक्कम खरोखर बाजूला ठेवतो आणि तिला हात लावत नाही, तो दीर्घकाळात फायद्यातच राहील.

माझा मतभेद मेकॅनिकच्या मुद्द्यावर आहे. काही वर्षांपूर्वी, माझ्याकडे कोणतेही कव्हर नसताना, वडिलांना घेऊन मी हमरस्त्याने परतत होतो. त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले होते. पुढून फटकन आवाज आला, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम जड झाले. इंजिनचा पट्टा तुटला होता. तो पट्टा माझ्या गाडीत अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंग असे तिन्ही फिरवत असल्यामुळे पुढे दामटणे म्हणजे इंजिन तापवून घालवणे होते. गाडी कडेला घेतली. माझ्या ओळखीचा मेकॅनिक कुशल आणि मनाने चांगला आहे, पण त्याच्याकडे टोइंगची गाडी नव्हती आणि तेवढ्या अंतरावर येणे त्याला शक्यही नव्हते. त्यानंतर दोन गॅरेजांनी ‘सकाळी बघू’ असे सांगितले आणि तिसऱ्याचा माणूस चार तासांनी आला. अशा वेळी गाडीत न बसता कठड्यापलीकडे जाऊन थांबावे, हे मला माहीत होते. पण वडिलांना तो कठडा ओलांडता येणार नव्हता. ते मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते, आणि प्रत्येक ट्रक बाजूने गेला की गाडी हलत होती. त्या रात्री मी दिलेले पैसे फार नव्हते. ते चार तास मात्र मला अजून आठवतात.

कव्हर असते तर कोणी अर्ध्या तासात आलेच असते, असा दावा मी करणार नाही. कंपनी सांगते ती वेळ बहुधा अंदाजच असते. फरक एवढाच की कोणाला तरी पाठवणे ही तिची करारातली जबाबदारी असते, आणि एक गाडी मोकळी नसेल तर दुसरी शोधण्याचे काम तिचे असते, अंधारात उभ्या असलेल्या माणसाचे नसते. शिवाय नव्या गाड्यांपुढे रस्त्यावरच्या मेकॅनिकचेही फारसे चालत नाही. पुष्कळ गाड्यांत आता स्टेपनीच येत नाही. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, आणि इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंपही थांबत असल्यामुळे इंजिन ज्यांना फिरवते ती चाके जमिनीवर ठेवून ती दूरवर ओढता येत नाही. इलेक्ट्रिक गाडीची चाके फिरली की बहुतेक वेळा मोटरही फिरते, म्हणून तिला फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रकच, लागतो.

कव्हर घेण्याचे ठरले, तरी अटी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत, ही सूचना मूळ लेखात फार त्रोटक राहिली. गाडी किती अंतरापर्यंत ओढून नेतील, आणि जवळच्या गॅरेजपर्यंत की आपण सांगू तिथे, हे सर्वांत महत्त्वाचे. घराच्या दारात गाडी सुरू झाली नाही तर मदत मिळते का, वर्षातून किती वेळा बोलावता येते, तोच बिघाड पुन्हा झाला तर काय, जुन्या गाडीला वयाची मर्यादा आहे का, आणि कव्हर पैसे भरल्या दिवसापासून लागू होते की काही दिवसांनी, हेही विचारावे. सुट्या भागांची किंमत सहसा आपल्यालाच द्यावी लागते. कव्हर गाडीला आहे की माणसाला, हेही पाहावे, कारण घरात एकापेक्षा अधिक गाड्या असतील तर सगळा हिशेब बदलतो.

याहून मोठी चूक माझ्याकडून झाली ती अशी: हीच सोय अनेकांकडे आधीपासून असते, हे मी लिहिलेच नाही. ती विमा पॉलिसीला जोडून घेतलेली असते, किंवा गाडीच्या कंपनीकडून वॉरंटीसोबत आलेली असते. एकाच मदतीचे दोनदा पैसे भरणे हा निव्वळ अपव्यय आहे.

आपण लिहिले आहे की आपली गाडी रोज घर ते कार्यालय एवढीच धावते आणि बिघाड झाला तर आपण रिक्षाने घरी येऊ शकता. आपल्या या गाडीसाठी कव्हर घेऊ नका, असेच मी म्हणेन. पण त्याच प्रतिक्रियेत आपण आपल्या कन्येचाही उल्लेख केला आहे. ती दर आठवड्याला रात्रीचा लांबचा प्रवास एकटीने करते आणि तिची गाडी ऑटोमॅटिक आहे. तिच्या विम्याची कागदपत्रे आजच काढून पाहावीत. त्यात ही सोय असेल तर मदतीचा क्रमांक कागदावर लिहून तिच्या गाडीत ठेवावा, आणि नसेल तर तिच्यासाठी कव्हर जरूर घ्यावे. मूळ लेखातले ‘प्रत्येक गाडीमालकाने’ हे शब्द मी काढून टाकले आहेत आणि बदल आपल्या प्रतिक्रियेमुळे केल्याची नोंद तिथे केली आहे.