थेरपिस्टला तीन-चार सेशन द्या, पण काय तपासायचं ते ठरवून

'पहिल्या भेटीत जुळलं नाही तर थेरपिस्ट बदला' हा सल्ला मला घाईचा वाटतो. पहिलं सेशन बहुतेक माहिती घेण्यातच जातं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: विश्वासाचा बंध, उद्दिष्टांवर एकमत आणि ती गाठायला काय करायचं यावर एकमत. लोक फक्त पहिला तपासतात. थेरपिस्ट प्रेमळ आहे, ऐकून घेतो, पण दोन महिन्यांनीही नेमकं कशावर काम चाललंय ते सांगता येत नाही, असं सर्रास होतं.

ओसीडीत (नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती करत राहण्याचा मानसिक आजार) तर नुसत्या धीर देण्यानं नुकसानच होतं. कुलूप पुन्हा पुन्हा तपासणाऱ्याला दर आठवड्याला 'काही होणार नाही' असा धीर दिला, की तो धीर मागणं हीच नवी तपासणी बनते. तिथे ईआरपी (भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, अशी उपचारपद्धत) हवी: एकदा कुलूप लावून निघायचं, शंका आली तरी मागे फिरायचं नाही, सुरुवात कमी भीतीच्या गोष्टीपासून. म्हणून आधी फोनवरच विचारा: या त्रासावर कोणत्या पद्धतीनं काम करता, सुधारणा कशी मोजता? शिक्षण, फी, सेशन रद्द केल्यास काय, हेही तेव्हाच. उत्तरं टाळली तर पुढचं नाव बघा.

काही खटकलं तर गायब होण्याआधी एकदा तोंडावर सांगा: 'मागच्या वेळी तुम्ही लगेच उपाय सुचवलात, मला आधी बोलायचं होतं.' चांगला थेरपिस्ट हे ऐकून पद्धत बदलतो. अवघड विषय निघाल्यावर अस्वस्थ वाटणं वेगळं. दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी सांगणं, बरं करण्याची हमी देणं, शारीरिक जवळीक साधणं, यातलं काहीही झालं तर मात्र त्याच दिवशी थांबा.